नव्या नगरसेवकांनी मोबाइलवरून नागरिकांशी कसं बोलावं: पहिल्या महिन्यापासूनची तयारी

निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आभाराच्या पोस्टही टाकून झाल्या. आता सकाळी सहापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तुंबलेल्या गटारांचे फोटो यायला लागले आहेत आणि त्यांचं करायचं काय, हे कोणी सांगितलेलं नाही. हा लेख अशा नव्या नगरसेवकांसाठी आणि त्यांच्या कार्यालयात मोबाइल सांभाळणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी आहे. सरपंचांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या, तर जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासक कारभार पाहत होते. मुंबई महापालिकेची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली होती. मधल्या काळात लोक महापालिकेच्या खात्याला थेट टॅग करायला शिकले, अ‍ॅपवर तक्रार नोंदवायला शिकले. काहींना नगरसेवकावाचून काम करून घ्यायची सवयही लागली. तुम्हाला बोलायचं आहे ते या नागरिकांशी. तुमचं खातं आधी तक्रार घेण्याची आणि उत्तर देण्याची जागा आहे, प्रसिद्धीचा नंबर त्यानंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: खात्याच्या किल्ल्या हातात घ्या

प्रचाराच्या धांदलीत फेसबुक पेज कोणीतरी उघडलेलं असतं. कधी पुतण्याने, कधी पक्षाच्या कार्यकर्त्याने, कधी पैसे घेऊन काम करणाऱ्या एजन्सीने. त्या पेजचे अ‍ॅडमिन कोण आहेत ते पहिल्याच आठवड्यात बघा. तुमचं स्वतःचं नाव पूर्ण अधिकारांसह त्यात हवं आणि सोबत विश्वासातली आणखी एक व्यक्ती हवी. एजन्सीचं काम संपलं असेल तर तिला काढा. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर तुमच्याच ताब्यातला आहे याची खात्री करा.

लोकांशी बोलण्यासाठी पेज वापरा, वैयक्तिक प्रोफाइल नको. प्रोफाइलवर ५००० मित्रांची मर्यादा असते आणि घरातल्या लग्नाचे फोटो व पाणीपुरवठ्याच्या सूचना एकाच ठिकाणी मिसळतात. पेजच्या माहितीत प्रभाग क्रमांक, कार्यालयाचा पत्ता, भेटीची वेळ आणि तक्रारीचा नंबर लिहा. महापालिकेचं बोधचिन्ह मात्र प्रोफाइल फोटो म्हणून लावू नका. महापालिकेचं अधिकृत खातं वेगळं आहे, तुमचं वेगळं. हा फरक लोकांना स्पष्ट दिसला पाहिजे.

दुसरी पायरी: सगळीकडे असण्याची गरज नाही

महाराष्ट्रातल्या प्रभागात निम्म्याहून अधिक संवाद व्हॉट्सअ‍ॅपवरच होणार, हे धरून चला. कार्यालयासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. त्यात कार्यालयाची वेळ दाखवता येते, ठरलेली उत्तरं साठवता येतात आणि प्रत्येक संभाषणाला ‘नवीन’, ‘पाठपुरावा’, ‘पूर्ण’ अशी लेबलं लावता येतात. आलेल्या तक्रारी हरवू नयेत म्हणून ही लेबलंच सर्वात उपयोगी पडतात.

सूचना देण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल उघडा, त्यावर फक्त तुम्ही लिहिता आणि बाकीचे वाचतात. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. चॅनेलवर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि शंभर लोकांच्या ‘शुभ सकाळ’मध्ये पाणी बंद असल्याची सूचना बुडत नाही. हजार लोकांचा मोठा ग्रुप काढण्याच्या मी विरोधात आहे. त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि त्याचा त्रास आधी बायकांना होतो. प्रचारात गोळा केलेले नंबर न विचारता ग्रुपमध्ये घालणं तर चुकीचंच. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, हाच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागचा विचार आहे. ग्रुप हवाच असेल तर सोसायटीचा, गल्लीचा किंवा बचत गटाचा छोटा ग्रुप करा, तोही सदस्यांना विचारून. एकगठ्ठा मेसेज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला जाऊ नका. तो प्रकार व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत बसत नाही, नंबर बंद होतो आणि त्यासोबत सगळ्या तक्रारीही जातात.

फेसबुकवर चाळिशीपुढचे मतदार भेटतात, इन्स्टाग्रामवर कॉलेजातली मुलं. एक्सचा (पूर्वीच्या ट्विटरचा) उपयोग गावागावाप्रमाणे बदलतो. मुंबईत महापालिकेची विभाग कार्यालयंसुद्धा तिथे आहेत आणि पत्रकारही, त्यामुळे तिथे टाकलेला फोटो लवकर हलतो. तालुक्याच्या गावी मुख्याधिकारी एक्सवर नसतील तर तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. दोन माध्यमं नीट सांभाळणं जमलं की मग तिसऱ्याचा विचार करा.

तिसरी पायरी: तक्रार आली की काय करायचं

इथे थोडं थांबून दोन जुनी उदाहरणं पाहू. नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. धावत्या गाडीतून प्रवासी ट्विट करायचे: बाळाला दूध हवं आहे, आजारी वडिलांना डॉक्टर हवा आहे, डब्यात कोणी त्रास देतंय. आणि पुढच्या स्थानकावर माणूस हजर असायचा. त्याच सुमारास परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज परदेशात अडकलेल्या, पासपोर्ट हरवलेल्या भारतीयांना ट्विटरवर उत्तरं देत होत्या. मंगळावर अडकलात तरी तिथला भारतीय दूतावास मदत करेल, हे त्यांचं २०१७ मधलं ट्विट अजून लोकांच्या लक्षात आहे.

या दोघांचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. प्रभूंच्या खात्यामागे रेल्वेची यंत्रणा होती. मंत्रालयातले कर्मचारी आलेलं ट्विट वाचून संबंधित विभागाकडे पाठवत होते, विभागीय व्यवस्थापकांची स्वतःची खाती होती, आणि गाडी पुढे कुठे थांबणार हे सगळ्यांना माहीत होतं. स्वराज यांच्यामागे जगभरचे दूतावास होते. उत्तर मंत्र्यांच्या नावाने दिसायचं, काम साखळीतून व्हायचं. ही साखळी तुम्हाला तुमच्या प्रभागापुरती बांधायची आहे.

सुरुवात यादीने करा. पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंता, स्वच्छता निरीक्षक, विद्युत विभागाचे अभियंता, उद्यान, मलेरिया, मोकाट कुत्री. प्रत्येक कामाला एक नाव आणि एक नंबर. त्यांना स्वतः जाऊन भेटा आणि विचारा: फोटो तुम्हाला कुठे पाठवू, कोणत्या वेळी पाठवू, सोबत काय माहिती लागते? मग तुमच्या हाताबाहेरच्या गोष्टींची दुसरी यादी करा. पथदिवा पालिकेचा, पण वीज गेली तर महावितरण. गल्ली पालिकेची, पण राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रेशनकार्डाचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेचं. निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात आल्यामुळे अडतात. योग्य दार दाखवून दिलं तरी माणसाचं काम पुढे सरकतं.

आता वही. संगणकावरचा तक्ता चालेल, साधी दोनशे पानी वहीही चालेल. क्रमांक, तारीख, नाव, ठिकाण, काम कोणाकडे दिलं, पालिकेचा तक्रार क्रमांक, शेवटी काय झालं. महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकून तिचा क्रमांक घेणं सोडू नका. नुसता फोन केला तर अधिकाऱ्याची बदली झाल्यावर काहीच उरत नाही, क्रमांक मात्र राहतो. दाखला किंवा नोंदीसारखी एखादी सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असेल तर तिला ठरलेली मुदत असते. अशा वेळी नागरिकाला ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करायला मदत करा. ते काम हक्काने होणारं आहे, तुमच्या शब्दावर अवलंबून नाही, हेही त्याला सांगा.

उत्तर कसं लिहायचं? ‘बघतो’, ‘सांगितलंय’, जोडलेले हात, ही उत्तरं नव्हेत. असं लिहा:

“नमस्कार काका. दत्त मंदिरामागच्या गळतीची नोंद केली, क्रमांक ११२. पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्यांना आत्ता फोटो पाठवला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत काय झालं ते कळवते.”

दुसऱ्या दिवशी काम झालेलं नसलं तरी शब्द पाळा:

“काका, आज खोदून पाहिलं. जोड बदलावा लागणार आहे, सामान गुरुवारी येईल. तोवर खड्ड्याभोवती बॅरिकेड लावायला सांगितलं आहे. शुक्रवारी पुन्हा कळवते.”

आणि काम होणार नसेल तर:

“ताई, तुमच्या सोसायटीच्या आतला रस्ता अजून पालिकेकडे वर्ग झालेला नाही, त्यामुळे त्यावर पालिकेचा निधी टाकता येत नाही. वर्ग करायचा असेल तर सोसायटीचा ठराव लागेल. अर्ज कसा करायचा ते शनिवारी कार्यालयात बसून सांगते.”

हे तिसरं उत्तर लिहायला सर्वात जड जातं. नवे नगरसेवक ते टाळतात आणि ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणतात. पुढच्या महिन्यात त्याच ताई तोच मेसेज पुन्हा पाठवतात, मग शेजारणीला सांगतात. कारणासकट दिलेला नकार लोक पचवतात. झुलवत ठेवलेलं ते विसरत नाहीत.

बहुसदस्यीय प्रभागात आणखी एक गोष्ट करावी लागते. मुंबई सोडली तर महापालिकांत एका प्रभागातून साधारण चार जण निवडून येतात. नागरिक एकच फोटो चौघांना पाठवतो आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. पक्ष कोणताही असो, चौघांनी बसून भाग किंवा विषय वाटून घ्या आणि ती वाटणी चौघांच्याही पेजवर जाहीर करा. अवघड आहे, पण यावाचून तक्रारींचा गोंधळ मिटत नाही.

चौथी पायरी: पोस्टमध्ये काय असावं

वाढदिवस, पुण्यतिथी, सणांच्या शुभेच्छा. कुठलंही पेज उघडा, यानेच भरलेलं असतं. चौकातला फ्लेक्स मोबाइलवर आला एवढंच. शुभेच्छा द्या, आपल्याकडे ती रीतच आहे. पण आठवड्यातल्या बहुतेक पोस्ट लोकांच्या उपयोगाच्या हव्यात: पाणी कधी येणार, रस्ता किती दिवस बंद, लसीकरण कुठे, मालमत्ता कराच्या सवलतीची शेवटची तारीख कोणती.

विकासकामाच्या पोस्टमध्ये फोटोइतकीच माहिती महत्त्वाची. रस्ता कुठून कुठपर्यंत, मंजूर रक्कम किती, पैसा कोणत्या निधीतून आला, ठेकेदार कोण, कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या आदेशाची) तारीख, कामाची मुदत आणि दोष दायित्व कालावधी. हा शेवटचा तपशील क्वचितच कोणी सांगतं, आणि नागरिकाला त्याचाच सर्वात जास्त उपयोग. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लोकांना तारीख माहीत असेल तर तेच लक्ष ठेवतात. ‘माझ्या विशेष प्रयत्नातून’ लिहायचं असेल तर लिहा, पण पैसा करदात्यांचा आहे हे त्याच पोस्टमध्ये दिसू द्या.

सर्वसाधारण सभेनंतर त्याच रात्री पाच-सात ओळी लिहा. कोणते विषय आले, तुम्ही काय बोललात, मत कोणाच्या बाजूने दिलंत आणि का. नागरिकांना सभागृहातलं फारसं काही कळत नाही. विषयपत्रिका हाती येते तेव्हाच ती टाकून लोकांचं म्हणणं आधी मागवलंत तर आणखी चांगलं. सरपंचांनी ग्रामसभेची सूचना अशीच आधी द्यावी आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा खर्च कसा पाहायचा ते लोकांना दाखवावं.

सूचना फक्त चित्रात लिहू नका. रंगीत पार्श्वभूमीवरची अक्षरं शोधल्यावर सापडत नाहीत आणि दृष्टिहीन माणसाचा मोबाइल ती वाचून दाखवू शकत नाही. चित्र टाका, पण तोच मजकूर खाली युनिकोड मराठीत पुन्हा लिहा. बोलून टाइप करण्याची सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. भाषा घरातल्यासारखी ठेवा. ‘सदर कामी कार्यवाही प्रस्तावित आहे’ यापेक्षा ‘काम सोमवारपासून सुरू होईल’ लगेच कळतं.

फोटोंबाबत मी आग्रही आहे. किट घेताना, चेक घेताना माणसाचा चेहरा दाखवू नका. मदत घेणाऱ्याची मान त्या फोटोत खाली गेलेली असते, आणि गावभर तो फिरतो. लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकासह किंवा बँक खात्यासह कधीही टाकायच्या नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर भेट द्यायला गेलात तर घर, गल्ली, नातेवाईक, काहीही ओळखू येईल असं टाकू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ यांनुसार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सांत्वनाच्या चांगल्या हेतूने टाकलेल्या फोटोलाही त्यातून सूट मिळत नाही.

पाचवी पायरी: लाइव्ह

करोनाच्या काळात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवरून राज्याशी बोलायचे आणि घरोघरी ते ऐकलं जायचं. २९ जून २०२२ ला राजीनाम्याची घोषणाही त्यांनी फेसबुक लाइव्हवरच केली. मुख्यमंत्र्याचं ते निवेदन होतं, संकटात एका आवाजाची गरज असते. नगरसेवकाच्या लाइव्हला प्रश्न हवेत. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास, एकच विषय. प्रश्न दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. समोर एक सहकारी बसवा, तो कॉमेंट वाचेल. जे माहीत नाही त्याला ‘मंगळवारी सांगतो’ म्हणा आणि मंगळवारी त्याच व्हिडिओखाली उत्तर लिहा.

सहावी पायरी: टीका आणि शिवीगाळ वेगळी ओळखा

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. देशभर त्यावर चर्चा झाली आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. आपल्याच राज्यातला हा धडा प्रत्येक नव्या लोकप्रतिनिधीला माहीत असायला हवा. ‘नगरसेवक झोपलाय’ ही टीका आहे. तिच्यावर पोलिसांत जायचं नसतं, तिला तारीख आणि तक्रार क्रमांक देऊन उत्तर द्यायचं असतं. कार्यकर्त्यांना त्या माणसाच्या कॉमेंटमध्ये तुटून पडायला सांगणं तर त्याहून वाईट.

काय काढून टाकाल ते आधीच लिहून पेजवर पिन करा: जातिवाचक शिव्या, धमक्या, स्त्रियांविषयी अश्लील मजकूर, कोणाचा खासगी नंबर. काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. ब्लॉक करण्याची घाई नको. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या प्रशासकाने फेसबुकवर टीका करणाऱ्या रहिवाशाला ब्लॉक केलं, तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी पाहायला सांगितल्या: त्या व्यक्तीला सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये ती तो अधिकार वापरत होती का. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण ज्या पेजवरून तुम्ही पाणीकपातीची सूचना देता, तिथून एखाद्या नागरिकाला हाकलणं म्हणजे त्याला ती सूचनाही नाकारणं, हा मुद्दा इथेही तितकाच खरा आहे.

सातवी पायरी: अफवा आली तर

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षेकरी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवांनी त्या दिवसांत देशात अनेक ठिकाणी असे बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

अशा वेळी लोकप्रतिनिधीचा मेसेज खूप काही थांबवू शकतो, कारण तो ओळखीच्या माणसाचा असतो. आधी पोलीस ठाण्याला फोन करा आणि खात्री करून घ्या. मग चॅनेलवर आणि गल्लीच्या प्रत्येक ग्रुपवर दोन ओळी टाका: काय खोटं आहे, कोणाशी बोलून खात्री केली, शंका आली तर ११२ ला फोन करा. मूळ व्हिडिओ ‘हा खोटा आहे’ म्हणूनही पुन्हा टाकू नका, लोक वरचा मजकूर न वाचता पुढे पाठवतात. जमलं तर स्वतःच्या आवाजात वीस सेकंदांचा संदेश द्या, वाचता न येणाऱ्यांनाही तो कळतो. ग्रुप अ‍ॅडमिनना धीर द्या. समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण असा मेसेज काढून टाकणं त्यांच्या हातात आहे, तेवढं करायला सांगा.

तुमच्याच आवाजाची बनावट ध्वनिफीत किंवा चेहऱ्याचा बनावट व्हिडिओ आला तर त्याची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे नोंदवा आणि सायबर पोलिसांकडे जा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना असा अधिकारी नेमणं बंधनकारक केलं आहे. विरोधकाचा असा बनावट व्हिडिओ तुमच्या कार्यकर्त्याने टाकला असेल तर तो तुम्हीच काढायला लावा. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना असा मजकूर लक्षात आल्यापासून तीन तासांत हटवायला सांगितलं होतं. निवडणूक नसतानाही हीच मुदत पाळा.

जाहिराती आणि आचारसंहिता

पैसे देऊन पोस्ट वाढवायची असेल तर खर्च कोणाचा हे लपत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर २०१९ पासून भारतातल्या राजकीय जाहिरातींवर पैसे देणाऱ्याचं नाव दिसतं आणि त्या जाहिराती कंपनीच्या संग्रहात कोणालाही पाहता येतात. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांना २०१३ पासून आपली सोशल मीडिया खाती शपथपत्रात सांगावी लागतात आणि त्यावरचा प्रचारखर्च हिशेबात दाखवावा लागतो. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश लागू असतात, तारखा जाहीर होताच ते वाचा. आचारसंहितेत नव्या कामांच्या घोषणा थांबतात, गळतीची तक्रार घेणं थांबवू नका.

दर महिन्याला एक तक्ता

लाइक किती वाढले ते एजन्सी सांगेल. तुम्ही वही उघडा. महिन्यात किती तक्रारी आल्या, किती पूर्ण झाल्या, किती अडकल्या आणि कोणत्या विभागाकडे, हे साध्या शब्दांत पेजवर टाका. अडकलेल्यांचा आकडा लपवू नका. तोच आकडा घेऊन तुम्ही सभागृहात प्रश्न विचारू शकता, आणि तेव्हा तुमच्यामागे नुसता आवाज नसतो, ठिकाण आणि तारखेसकट नोंदी असतात.

पाच वर्षांनी पद गेलं किंवा प्रभाग बदलला तर कार्यालयाचा नंबर एका दिवसात बंद करू नका. ज्यांच्या तक्रारी उघड्या आहेत त्यांना प्रत्येकाला पालिकेचा तक्रार क्रमांक कळवा, अडकलेल्या कामांची यादी नव्या प्रतिनिधीला द्या, तो कोणत्याही पक्षाचा असला तरी. पेजच्या नावातलं ‘नगरसेवक’ काढा, चॅनेलवर नव्या कार्यालयाचा पत्ता टाका, आणि नागरिकांचे नंबर व कागदपत्रांचे फोटो फोनमधून पुसून टाका.